चाकाचे नट आवळणे

चाकाचे नट आवळणे : मोटारीचे चाक हबवर (चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागावर) धरून ठेवणारे नट (काही गाड्यांत बोल्ट) ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या जोराने बसवण्याची क्रिया. पंक्चर काढताना, टायर अदलाबदल करताना किंवा ब्रेकचे काम करताना ती दर वेळी करावी लागते.

गाडीचे वजन स्टडवर (हबमधून बाहेर आलेल्या, नट बसणाऱ्या आट्यांच्या दांड्यांवर) टांगलेले असते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात आवळलेला नट स्टडला ताणतो, ताणलेला स्टड मागे येऊ पाहतो आणि त्या ओढीने चाकाची डिस्क (चाकाचा मधला, भोके असलेला धातूचा भाग) हबवर दाबली जाते. वजन, ब्रेकचा झटका, वळणावरची फेक हे सारे या दोन पृष्ठभागांमधले घर्षण पेलते. १२ मिमी जाडीच्या स्टडवरचा नट १०० न्यूटन-मीटरने (हे पिळण्याच्या जोराचे माप) आवळला, की तो डिस्कवर सुमारे चार टन दाब देतो आणि स्टड जेमतेम केसाच्या जाडीएवढा लांबतो. हा ताण गेला की डिस्क हबवर सूक्ष्म सरकू लागते, स्टड प्रत्येक फेऱ्याला वाकतो आणि काही दिवसांत थकून तुटतो. तुटलेल्या स्टडचे मूळ कारण त्यामुळे बहुतेक वेळा ढिला नट हेच असते.

किती आवळायचे, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. टोयोटाच्या बहुतेक कारना १०३ न्यूटन-मीटर, होंडाच्या कारना १०८, फोक्सवॅगन पोलोच्या बोल्टना १२०. मालमोटारींच्या २२ मिमी स्टडना ६००च्या आसपास लागतात. जुन्या पुस्तिकांत आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो, त्याला ९.८ने गुणावे. गाडीसोबत मिळणारा एल पाना साधारण पाव मीटर लांब धरला, तर १०० न्यूटन-मीटरसाठी त्याच्या टोकाला सुमारे ४० किलोचा भार द्यावा लागतो. ७० किलोचा माणूस त्याच टोकावर उभा राहिला की १७० होतात. पान्याला मीटरभर पाइप लावून ओढणारा चारशेपर्यंत सहज जातो. म्हणून आवळताना पान्यावर पाय द्यायचा नाही आणि पाइप लावायचा नाही. पाइप फक्त गच्च बसलेला नट सोडवण्यासाठी.

नट सोडवण्याची वेळ चाक जमिनीवर असतानाच असते. गाडी सपाट, कठीण जागी उभी करावी, हातब्रेक लावावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि तिरप्या समोरच्या चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा लावावा. घाटातल्या उतारावर किंवा पावसाने भिजलेल्या मातीच्या कडेवर जॅक लावूच नये. प्रत्येक नट अर्धा ते एक आटा ढिला करून मग जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागी लावावा. गाडी जॅकवर असताना अंगाचा कोणताही भाग खाली जाऊ देऊ नये; स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवली, तर जॅक घसरल्यास ती गाडी झेलते.

चाक निघाल्यावर हबचा चेहरा आणि डिस्कची आतली बाजू तारेच्या ब्रशने घासावी. कोकणात खाऱ्या हवेने हबवर गंजाचे पापुद्रे येतात, पावसाळ्यात चिखल सुकून बसतो. हा थर आणि नटाच्या बैठकीवरचा (नट डिस्कला टेकतो त्या जागेवरचा) जाड रंग गाडी चालताना दबतो व नट न फिरताच ढिला होतो. आट्यांवर तेल किंवा ग्रीस मात्र लावू नये, पुस्तिकेत तसे सांगितले असल्यासच लावावे. पान्याचा बहुतांश जोर घर्षणात खर्च होतो, ताणाला उरतो सुमारे दहावा हिस्सा. तेलाने घर्षण घटले की तोच आकडा स्टडला फार जास्त ताणतो.

नट बोटांनी सुरू करायचा, पान्याने नाही. सुझुकीच्या गाड्यांत आट्यांचे अंतर १.२५ मिमी, तर टोयोटा, होंडा, ह्युंदाईत १.५ मिमी असते. दोन्हींत स्टडची जाडी सारखीच, १२ मिमी. चुकीचा नट एक-दोन फेरे गोड फिरतो आणि मग अडतो. तिथे एअर गन (हवेच्या दाबाने नट फिरवणारे यंत्र) लावली की आटे सोलून निघतात. नटाच्या बैठकीचा आकारही जुळला पाहिजे. होंडाच्या मूळ डिस्कला गोलसर बैठकीचा नट लागतो, बाजारातल्या बहुतेक अलॉयना (मिश्रधातूच्या चाकांना) ६० अंशांचा निमुळता. अलॉय बदलून नट जुनेच ठेवणे ही नेहमीची आणि धोक्याची चूक आहे, कारण टेकण्याची जागा केवळ एक बारीक कडा उरते. नट निदान स्टडच्या जाडीएवढा आत गेला पाहिजे, म्हणजे १.५ मिमी आट्यांवर आठ पूर्ण फेरे.

सगळे नट हाताने बसले, की समोरासमोर आवळावेत. चार नटांना फुलीचा क्रम, पाच नटांना एक सोडून एक, म्हणजे चांदणी. गोलाने लागोपाठ आवळले तर डिस्क तिरकी बसते. ब्रेकची चकती हब आणि चाकाच्या मध्येच दाबलेली असते, ती किंचित वाकडी फिरू लागते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरते. टायर जमिनीला टेकेपर्यंत गाडी खाली घ्यावी आणि टॉर्क पान्याने (लावलेला आकडा गाठताच आवाज देणाऱ्या पान्याने) आधी निम्म्या, मग पूर्ण आकड्यावर आवळावे. मूठ पान्याच्या मुठीवरच हवी, ओढ सावकाश हवी, ‘कट्’ असा आवाज येताच थांबायचे. खात्रीसाठी पुन्हा दोनदा ‘कट्’ वाजवले की नट पुढे सरकतो. काम झाल्यावर पाना सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावा.

टायरच्या दुकानांत एअर गनने नट बसवून वर टॉर्क पाना लावण्याची पद्धत आहे. ती तपासणी म्हणून निरुपयोगी आहे. गनने नट तीनशेवर नेला असेल तरी १०० वर लावलेला पाना लगेच ‘कट्’ म्हणतो. टॉर्क पाना कमी आवळलेले दाखवतो, जास्त आवळलेले नाही. गाडीमालकाने नट सोडवून समोर पुन्हा आवळायला सांगावे. ते पाच मिनिटांचे काम आहे.

चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरने, चाक थंड असताना, नट पुन्हा त्याच आकड्यावर तपासतात. नव्या अलॉयबाबत हे टाळूच नये. नटापासून बाहेर पसरलेले गंजाचे तांबूस ओघळ, कमी वेगात ‘खट खट’ आवाज किंवा डिस्कची लांबट झालेली भोके दिसली, तर गाडी तिथेच थांबवावी. लांबट भोकाची डिस्क बाद होते. एक स्टड तुटला असेल तर शेजारचे दोन्ही बदलावेत, कारण तुटलेल्याचा भार त्यांनीच सोसलेला असतो. बस आणि मालमोटारींच्या नटांवर पिवळे टोकदार प्लॅस्टिकचे निर्देशक बसवतात. शेजारच्या दोन निर्देशकांची टोके एकमेकांकडे वळवलेली असतात. एखादे टोक हलले, की तो नट फिरल्याचे लांबूनच कळते. काही जुन्या मालमोटारींच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर ‘एल’ हे रोमन अक्षर कोरलेले असेल, तर तो नट उजवीकडे फिरवून सुटतो.