पहिला आयमॅक: तांत्रिक तपशिलांमागचा इतिहास

२३३ मेगाहर्ट्झचा पॉवरपीसी ७५० प्रोसेसर, ३२ मेगाबाइट रॅम, ४ गिगाबाइटची हार्ड डिस्क, २४एक्स सीडी-रॉम, १५ इंची पिक्चर ट्यूब, ग्राफिक्ससाठी २ मेगाबाइट मेमरी, दोन यूएसबी पोर्ट, इथरनेट, मोडेम. किंमत १,२९९ डॉलर. १५ ऑगस्ट १९९८ रोजी अमेरिकेत विक्रीला आलेल्या, ॲपलच्या पहिल्या आयमॅक या घरगुती कॉम्प्युटरची ही यादी. जुने कॉम्प्युटर जमवणाऱ्यांच्या तोंडी ती आजही असते, पण बहुतेक वेळा वेगाची तुलना करण्यापुरतीच. मला ती वेगळ्या कारणासाठी वाचावीशी वाटते. हातात पैसा आणि वेळ दोन्ही कमी असलेल्या एका कंपनीने काय ठेवलं, काय टाकलं आणि कुठे काटकसर केली, याची नोंद या आकड्यांमध्ये आहे.

ॲपलची तेव्हाची अवस्था लक्षात घेतल्याशिवाय यातलं काहीच नीट कळत नाही. १९९७च्या आर्थिक वर्षात कंपनीला १ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला होता. मॅकिंटॉश (मॅक) या तिच्या कॉम्प्युटरची मॉडेल्स इतकी झाली होती की कोणतं कोणासाठी आहे हे दुकानदारालाही सांगता येत नसे. डिसेंबर १९९६मध्ये ॲपलने आपले सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांची नेक्स्ट ही कंपनी विकत घेण्याचं जाहीर केलं आणि त्या व्यवहारातून जॉब्ज ॲपलमध्ये परतले. सप्टेंबर १९९७मध्ये ते हंगामी मुख्याधिकारी झाले. त्यांनी सगळी मॉडेल्स चार घरांत बसवली: व्यावसायिक आणि घरगुती, टेबलावरचा आणि हातात नेण्याचा. त्यातलं घरगुती टेबलावरचं घर रिकामं होतं. ते भरण्यासाठी जे यंत्र आलं, तो आयमॅक.

सुरुवातीला विचार वेगळाच होता. त्या काळात नेटवर्क कॉम्प्युटरची फार चर्चा होती. स्वतःची डिस्क नसलेलं, सगळं काही नेटवर्कवरून आणणारं स्वस्त यंत्र अशी ती कल्पना. ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीचे लॅरी एलिसन तिचे मोठे पुरस्कर्ते होते आणि ऑगस्ट १९९७पासून ते ॲपलच्या संचालक मंडळावरही होते. आयमॅकची आखणी काही काळ त्या दिशेने झाली. पुढे डिस्क आली, सीडी आली आणि तो पूर्ण कॉम्प्युटर झाला. पण इंटरनेटला जोडायचं यंत्र ही मूळची भूमिका टिकली. स्वस्त घरगुती कॉम्प्युटरमध्ये १०/१०० इथरनेट आणि मोडेम दोन्ही आतच असणं १९९८मध्ये नेहमीचं नव्हतं. मे महिन्यात यंत्र दाखवलं तेव्हा मोडेम ३३.६ किलोबिटचा होता. त्यावर टीका झाली आणि विक्रीला येईपर्यंत त्या जागी ५६ किलोबिटचा बसला.

सगळं एकाच पेटीत ठेवण्याचा निर्णय ॲपलला नवा नव्हता. जानेवारी १९८४चा पहिला मॅकिंटॉश तसाच होता: ९ इंची काळापांढरा पडदा, १२८ किलोबाइट रॅम, ४०० किलोबाइटची फ्लॉपी, किंमत २,४९५ डॉलर, आणि उचलायला वर खोबण. त्याआधी १९७७चा कमोडोर पेटही पडद्यासकट एकाच पेटीतला होता. १९९८च्या एप्रिलमध्ये ॲपलने शाळांसाठी पॉवर मॅकिंटॉश जी३ ऑल-इन-वन काढला होता. प्रोसेसर त्याच कुळातला, पडदा तितकाच, पण वजन सुमारे २७ किलो आणि आकार असा की लोक त्याला दाढ म्हणत. आयमॅकचं वजन सुमारे १७ किलो. दोन्ही एकाच कंपनीची, काही महिन्यांच्या अंतराने आलेली. शाळांचा तो मॅक जुन्या पद्धतीने केलेला होता. त्यात फ्लॉपी होती, जुने पोर्ट होते, वाढीव कार्डांसाठी जागा होती. आयमॅकमधून हे सगळं गेलं.

एकाच पेटीचा हिशेब सरळ आहे. कॉम्प्युटरला एक आणि मॉनिटरला एक असे दोन वीजपुरवठे लागत नाहीत, दोन कवचं लागत नाहीत, मधली केबल लागत नाही. वाचलेल्या पैशांतला बराचसा भाग ॲपलचे डिझाइनप्रमुख जोनाथन आइव्ह यांच्या चमूने कवचावर खर्च केला. त्या कवचाला साध्या पेटीच्या सुमारे तिप्पट खर्च आला असं सांगितलं जातं. अर्धपारदर्शक प्लास्टिकचा प्रयोग याच चमूने १९९७च्या ईमेट ३०० या हिरव्या यंत्रात आधी केला होता. आयमॅकचा निळा रंग सिडनीच्या बॉन्डाय समुद्रकिनाऱ्यावरून बॉन्डाय ब्लू म्हणून ओळखला गेला. रंगाबद्दल खूप लिहून झालं आहे, म्हणून मी इथे थांबत नाही.

आत मात्र काटकसर होती आणि ती हुशारीची होती. रॅमसाठी लॅपटॉपमधल्या छोट्या पट्ट्या, सीडी ड्राइव्हही लॅपटॉपच्या घडणीचा. त्याचा बाहेर सरकणारा पातळ ट्रे जॉब्ज यांना अजिबात आवडला नव्हता, त्यांना सीडी आत ओढून घेणारी फट हवी होती. हार्डवेअरचे प्रमुख जॉन रुबिन्स्टाइन यांनी ट्रेच ठेवला, कारण नव्या प्रकारचे ड्राइव्ह आधी ट्रेच्या रूपात बाजारात येतात. पुढच्या दोन-तीन वर्षांत हे खरं ठरलं. ऑक्टोबर १९९९पासून आयमॅकमध्ये फट आली, पण घरोघरी लोक सीडी लिहू लागले तेव्हा आयमॅकला सीडी लिहिता येत नव्हती. ती सोय फेब्रुवारी २००१मध्ये आली.

प्रोसेसरची बाजू भक्कम होती. पॉवरपीसी हे ॲपल, आयबीएम आणि मोटोरोला यांच्या १९९१च्या करारातून आलेलं कुळ. ७५० म्हणजेच जी३. त्याला पाठीमागून वेगळ्या वाटेने जोडलेली ५१२ किलोबाइटची कॅश, म्हणजे वारंवार लागणारी माहिती जवळ ठेवणारी जलद मेमरी होती आणि ती प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चाले. मुख्य बसचा, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या वाटेचा, वेग फक्त ६६ मेगाहर्ट्झ. ती माहिती त्या बसवर न जाता कॅशमधून मिळायची, म्हणून २३३ हा आकडा कागदावर दिसतो त्यापेक्षा यंत्र चपळ वाटे. जाहिरातींनी मात्र याचा फार गाजावाजा केला. इंटेलच्या पेन्टियम प्रोसेसरपेक्षा दुप्पट वेगवान वगैरे दावे निवडक चाचण्यांवर उभे होते.

खरी चणचण ग्राफिक्समध्ये होती, आणि ती घरी बसून मोजता येते. पडद्याची कमाल मर्यादा १०२४ गुणिले ७६८, म्हणजे ७,८६,४३२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला २ बाइट दिले, म्हणजे हजारो रंग दाखवले, तर दीड मेगाबाइट लागतं. लाखो रंगांसाठी ४ बाइट धरले तर ३ मेगाबाइट. पहिल्या आयमॅकमध्ये एटीआय रेज २सी चिप आणि २ मेगाबाइट मेमरी होती, म्हणजे पूर्ण रंग आणि पूर्ण ठिपके एकाच वेळी मिळत नव्हते. ८०० गुणिले ६०० ठेवलं तर १९,२०,००० बाइट लागतात आणि ते जेमतेम मावतं. योगायोग असो वा योजना, १५ इंची ट्यूबवर ८०० गुणिले ६०० हेच डोळ्यांना सोसणारं माप होतं. ट्यूबचा दिसणारा भाग १३.८ इंचांचाच होता, आणि या मापाला चित्र सेकंदाला ९५ वेळा ताजं होई, तर १०२४ गुणिले ७६८ला ७५ वेळा. तरीही २ मेगाबाइट कमीच होती. ऑक्टोबर १९९८मध्येच, म्हणजे दोन महिन्यांत, ॲपलने चिप बदलून ६ मेगाबाइट दिली. बॉन्डाय ब्लू यंत्र हाती आलं तर ते ऑगस्टचं की ऑक्टोबरचं, हे ओळखण्याची उत्तम खूण म्हणजे ग्राफिक्सची चिप.

आता यादीत नसलेल्या गोष्टींकडे यायला हवं. फ्लॉपी नाही. बाहेरच्या डिस्क आणि स्कॅनर जोडण्याचा स्कझी पोर्ट नाही. जुना कीबोर्ड पोर्ट नाही, प्रिंटरसाठीचा सीरियल पोर्ट नाही. या सगळ्यांच्या बदल्यात १२ मेगाबिटचे दोन यूएसबी पोर्ट.

यूएसबीचं पहिलं प्रमाण जानेवारी १९९६मध्ये जाहीर झालं होतं. त्यामागे इंटेलसह अनेक कंपन्या होत्या, आणि मूळ कल्पना मांडणाऱ्यांत इंटेलचे अजय भट्ट होते, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. पीसीच्या मागे यूएसबीची भोकं १९९७मध्येही दिसत, पण ती रिकामीच असत. विंडोज ९८ जून १९९८मध्ये येईपर्यंत त्यांना ऑपरेटिंग सिस्टिमचा धड आधार नव्हता. शिवाय शेजारी जुने पोर्ट होतेच, मग प्रिंटर किंवा स्कॅनर बनवणाऱ्याने नवं कशासाठी काढावं? आयमॅकने दुसरी वाटच ठेवली नाही. या यंत्राला काही विकायचं असेल तर ते यूएसबीचंच असायला हवं. पहिल्या सहा आठवड्यांत २,७८,००० आणि वर्षअखेरीस सुमारे ८ लाख आयमॅक विकले गेल्यावर कंपन्यांनी हालचाल केली. निळे अर्धपारदर्शक प्रिंटर, हब आणि फ्लॉपी ड्राइव्ह बाजारात आले. यूएसबी ॲपलने शोधलं नाही, पण लोकांच्या टेबलावर ते लवकर पोचलं याचं मोठं श्रेय मी या यंत्राला देतो.

त्याची किंमतही कोणीतरी मोजली, आणि ती झाकू नये. ज्यांच्याकडे जुने मॅक होते त्यांचे स्कॅनर, बाहेरच्या डिस्क, प्रिंटर आयमॅकला थेट जोडता येत नव्हते. बाहेरची डिस्क जोडायची तर १२ मेगाबिट म्हणजे कागदावरसुद्धा सेकंदाला दीड मेगाबाइट, आणि जुन्या मॅकची स्कझी ५ मेगाबाइटपर्यंत जाई. म्हणजे या बाबतीत नवं यंत्र मागे गेलं होतं. फ्लॉपी नाही आणि सीडीही लिहिता येत नाही, तर फाइल दुसरीकडे न्यायची कशी? नेटवर्कवरून किंवा ईमेलने, हे ॲपलचं उत्तर. १९९८मध्ये घरात एकच कॉम्प्युटर आणि संथ फोनलाइन असणाऱ्याला ते पुरेसं नव्हतं. फ्लॉपी काढण्याचा निर्णय बरोबर होता असं मला वाटतं, पण लिहिता येणारी सीडी त्याच दिवशी असायला हवी होती. ४०० मेगाबिटचं फायरवायर हा जलद पोर्ट ऑक्टोबर १९९९च्या आयमॅक डीव्ही या मॉडेलमध्ये आला आणि बाहेरच्या डिस्कचा प्रश्न तेव्हा सुटला.

तपशिलांच्या यादीत कधीच न दिसणारा एक बदल मला या यंत्रातला सर्वांत दूरगामी वाटतो. १९८४पासून मॅकच्या सिस्टिमचा मोठा भाग रॉम, म्हणजे बदलता न येणाऱ्या मेमरीच्या चिपमध्ये कोरलेला असे. खिडक्या, मेन्यू, अक्षरं रेखाटणारा कोड तिथूनच चाले. मेमरी महाग होती तेव्हा ते शहाणपणाचं होतं. पण नवं मॉडेल काढायचं की नवी रॉम आली, आणि रॉममधली चूक सुधारायला सिस्टिममध्ये ठिगळं लावावी लागत. आयमॅकमध्ये चिपवर फक्त यंत्र जागं करण्यापुरता कोड आणि ओपन फर्मवेअर हा सुरुवातीचा प्रोग्राम राहिला. बाकीचा सगळा भाग मॅक ओएस रॉम नावाची फाइल म्हणून हार्ड डिस्कवर गेला आणि सुरू होताना रॅममध्ये चढू लागला. म्हणूनच जाणकार मॅकचे दोन कालखंड पाडतात, जुनं जग आणि नवं जग, आणि दोघांमधली सीमा आयमॅकवर येते. नंतर आलेल्या मॅक ओएस एक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला अशा जुन्या रॉमची गरजच नव्हती, आणि तिच्याकडे जाणारी वाट या बदलाने मोकळी केली.

पुढची आवर्तनं भराभर आली. जानेवारी १९९९मध्ये पाच फळांचे रंग आणि २६६ मेगाहर्ट्झ, एप्रिलमध्ये ३३३. ऑक्टोबर १९९९मध्ये आतली रचनाच नव्याने झाली: १०० मेगाहर्ट्झची बस, वायरलेस नेटवर्कसाठी एअरपोर्ट कार्डाची सोय, आणि पंखा पूर्णपणे काढलेला. गरम हवा वरच्या जाळीतून आपोआप बाहेर जाईल अशी ती योजना होती. शांततेसाठी लोकांना ती फार आवडली, पण पिक्चर ट्यूब आणि वीजपुरवठ्याचा बोर्ड त्याच पेटीत तापत असे. आज हाती येणाऱ्या जुन्या आयमॅकमध्ये बिघाड बहुधा याच भागात निघतो. तो स्वतः उघडण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवावी: ट्यूबला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही त्यातला विद्युतभार काही काळ टिकतो. ज्याला ट्यूबचं काम येतं त्याच्याकडूनच ते करून घ्यावं. ३.६ व्होल्टची छोटी लिथियम बॅटरी बदलणं त्यामानाने सोपं आणि पहिलं करण्याजोगं काम आहे.

ट्रेच्या आयमॅकवर मॅक ओएस एक्स टाकणाऱ्यांना आणखी एक अडचण हमखास भेटते. सिस्टिम डिस्कच्या पहिल्या ८ गिगाबाइटच्या आतच बसवावी लागते, म्हणून मोठी डिस्क लावली तर आधी तिचे भाग पाडून घ्यावे लागतात. मूळ डिस्क ४ गिगाबाइटची असताना ही मर्यादा कोणाच्या ध्यानातही येण्यासारखी नव्हती. मॅक ओएस एक्सची १०.३ ही या यंत्रांसाठीची शेवटची अधिकृत आवृत्ती. १०.४ला अंगचं फायरवायर लागे, त्यामुळे ती डीव्ही आणि नंतरच्या फायरवायर असलेल्या मॉडेल्सनाच मिळाली.

जानेवारी २००२मध्ये सपाट पडद्याचा आयमॅक जी४ आला, तरी जुना आयमॅक मार्च २००३पर्यंत विकला जात होता, कारण सपाट पडदे महाग होते आणि शाळांना स्वस्त यंत्र हवं होतं. त्याच गरजेतून एप्रिल २००२मध्ये १७ इंची ट्यूबचा ईमॅक आला. जुलै २००६मध्ये तो बंद झाल्यावर ॲपलच्या यंत्रांतून पिक्चर ट्यूब गेली.