समाजमाध्यमे : लाभ-हानीचा प्रश्न (नागपूर)

ज्यांवरचा मजकूर वापरणारेच तयार करतात आणि पुढे पाठवतात, अशी इंटरनेटवरची संवादसाधने. फेसबुक (२००४), यूट्यूब (२००५), ट्विटर (२००६, आताचे एक्स), व्हॉट्सअ‍ॅप (२००९) आणि इन्स्टाग्राम (२०१०) ही भारतात रुळलेली नावे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि ती हातोहाती पोचली. त्यांनी माणसाचे भले जास्त होते की नुकसान, याचे एकच उत्तर निघत नाही. लाभ एकाच्या पदरात पडतो आणि किंमत पुष्कळदा दुसराच मोजतो, हे नागपुरात वारंवार दिसले आहे.

नागपुरात लेआउट (वसाहत) तिथे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सकाळी फुलांसकट 'शुभ सकाळ', मग आज नळ येणार नाही, लाइन (वीज) कधी येणार, कुणाचा कुत्रा हरवला. त्यातच एखाद्या रात्री येते : 'मेडिकलमध्ये पेशंट आहे, बी निगेटिव्ह रक्त पाहिजे, अर्जंट', आणि खाली मोबाइल नंबर. मेडिकल म्हणजे इथले सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच असल्याने रक्ताची निकड कायमची. दाता कधी तासाभरात मिळतोही. पण संदेशावर तारीख नसते. पेशंट सुटी होऊन घरी गेला तरी संदेश ग्रुपाग्रुपांतून फिरतच राहतो, नंबरवाल्याला फोन येत राहतात आणि पुढच्या खऱ्या गरजूचा संदेश 'जुनाच असेल' म्हणून बाजूला पडतो. तारीख टाकायला दहा सेकंदही लागत नाहीत. तरी ती कुणी टाकत नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, बेड, ऑक्सिजन आणि रेमडेसिविरचा शोध याच वाटेने चालला. अशी मदत मागणाऱ्यांवर कारवाई करू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२१ रोजी सरकारांना बजावले. प्रसिद्धीचा लाभ घेणारेही आहेत. नागपूरच्या सदर भागातला डॉली चायवाला फेब्रुवारी २०२४ मध्ये बिल गेट्स यांच्यासोबतच्या व्हिडिओने जगभर पोचला. चहाच्या चवीवर मात्र नागपूरकरांचे एकमत नाही.

अफवेचा हिशेब वेगळा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. देशात असे प्रकार वाढल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. नागपुरात १७ मार्च २०२५ रोजी धार्मिक मजकुराची चादर जाळल्याची अफवा पसरली आणि महाल भागात हिंसाचार झाला. अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. चिथावणीखोर पोस्टबद्दल सायबर पोलिसांनी गुन्हे नोंदवले. दुकाने बंद राहिली ती मात्र ज्यांनी काहीच पाठवले नव्हते त्यांचीही.

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातले प्रकरण सर्वांत बोलके आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी गोठणगाव भागात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या जिप्सींच्या मधोमध अडकले. पुढून गाड्या, मागून गाड्या. वाघाचा फोटो, रील सगळ्यांना हवे असते. जिप्सी वाघाच्या इतक्या जवळ नेण्यामागे तीच ओढ असते. पण प्रकार बाहेर आला तोही व्हायरल व्हिडिओमुळेच. वनखात्याने चालक-गाइडवर कारवाई केली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

संशोधनही एका बाजूला झुकत नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये काही लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांचे समाधान थोडे वाढले, राजकीय कडवेपणा घटला, पण बातम्यांची माहितीही कमी झाली. किशोरवयीनांच्या मनःस्वास्थ्यातील फरकांपैकी फार तर ०.४ टक्के फरक डिजिटल साधनांशी जोडता येतो, असे २०१९ मधील एका मोठ्या अभ्यासात आढळले. मात्र ही सरासरी आहे. रात्री दोनला टोमणे वाचत बसलेली मुलगी सरासरीत दिसत नाही.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना खाते उघडण्यास बंदी केली. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. घरात फोन एकच, सिम वडिलांच्या नावावर आणि खात्यावरची जन्मतारीखही वडिलांचीच, अशा घरात ही संमती नेमकी कोण कोणाला देणार, याचे उत्तर कायद्यात सापडत नाही.