सोळा इंची चाकाचा हिशेब

दोन टायर शेजारी ठेवा. एकावर १६ × १ ३/८ छापलंय, दुसऱ्यावर १६ × १.७५. दोन्ही सोळा इंची, पण एकाच्या रिमवर दुसरा बसणार नाही. पहिल्याला ३४९ मिलिमीटर व्यासाची रिम लागते, दुसऱ्याला ३०५ ची. दुसरं माप आपल्याकडच्या लहान मुलांच्या सायकलींचं, पहिलं इंग्लंडच्या मोल्टन सायकलीचं आणि आजच्या घडीच्या ब्रॉम्प्टनचं. वीस इंचातही हाच घोळ आहे: एक ४५१, दुसरा ४०६. इंच हे टायरचं आडनाव समजावं, माप नव्हे. खरं माप टायरच्या कडेवर ३७-३४९ असं बारीक अक्षरात असतं. आधीचा आकडा रुंदी, नंतरचा रिमचा व्यास. जुनी छोट्या चाकांची सायकल घेणाऱ्याचे पैसे पहिल्यांदा वाया जातात ते इथेच.

या सायकलींचं मूळ गाव इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन. अ‍ॅलेक्स मोल्टन हे तिथले इंजिनिअर, घराणं रबराच्या धंद्यातलं. १९५९ च्या मिनी मोटारीचं रबराचं सस्पेन्शन त्यांचंच. १९५६ च्या सुएझ संकटात पेट्रोलवर रेशन आलं आणि त्यांचं लक्ष सायकलकडे वळलं. चाकं मोठीच का हवीत, हा त्यांचा प्रश्न. १९६२ च्या नोव्हेंबरात त्यांची सायकल लोकांसमोर आली: सोळा इंची चाकं, पुढे-मागे सस्पेन्शन, मधली दांडी नाही. त्यामुळे जेंट्स-लेडीज हा भेदच उरला नाही. सीट आणि हँडल वर-खाली केलं की घरातल्या कुणालाही चालवता येई. चाकं लहान म्हणून पुढे आणि मागे सामानाला ऐसपैस जागा, तीही जमिनीपासून खाली.

चाक लहान केलं की काही गोष्टी फुकटात मिळतात. आरे आखूड होतात, म्हणून चाक जास्त कडक आणि मजबूत होतं. त्याचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायची वेळ क्वचितच येते. वजन कमी, हवेचा विरोध थोडा कमी, आणि फिरवायचं वस्तुमान कमी असल्याने सिग्नलवरून सायकल चटकन निघते.

पण तीन गोष्टींची किंमत मोजावी लागते.

पहिली किंमत गिअरची. आपली अठ्ठावीस इंची काळी सायकल चाकाच्या एका फेऱ्यात सुमारे २.२५ मीटर जाते, ३४९ चं चाक १.३३ मीटर. समजा पुढे ४४ दातांचं चाक आणि मागे १८ चं आहे. पायडलच्या एका फेऱ्यात मोठी सायकल साडेपाच मीटर जाईल, छोटी सव्वातीनच. पाय गरगर फिरतील आणि सायकल तिथल्या तिथे. छोट्या चाकाला पुढे ५२ आणि मागे १३ दिले की ५.३ मीटर मिळतात. मात्र १३ दातांवर चेन जास्त वाकते, म्हणून चेन आणि दाते दोन्ही लवकर झिजतात. टायरचंही तसंच: किलोमीटरला ४४५ ऐवजी ७५० फेरे. म्हणजे टायर बदलण्याची पाळीही लवकर येते.

दुसरी किंमत घर्षणाची. टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो, पुढे गेला की पुन्हा गोल होतो. या वाकण्यात रबर थोडी शक्ती गिळतं. चाक लहान असलं की तेवढाच भार पेलताना टायर जास्त तीव्र कोनात वाकतो आणि जास्त शक्ती खातो. याला उपाय एकच, टायर अरुंद घ्यायचा आणि हवा चांगली घट्ट भरायची. डनलॉपने मोल्टनसाठी तसेच टायर बनवले.

घट्ट टायर म्हणजे प्रत्येक खडा थेट पाठीच्या मणक्यात. इथे तिसरी किंमत येते. रस्त्यावर दोन सेंटिमीटर उंचीची कड आहे आणि चाकावर ३० किलोचा भार आहे असं धरा. टायर दबत नाही असं मानलं तर ती कड चढायला अठ्ठावीस इंची चाकाला साधारण साडेदहा किलोचा आडवा जोर लागतो, ३४९ च्या चाकाला चौदा किलोचा. कड जितकी उंच तितका हा फरक वाढत जातो. म्हणून मोल्टनमध्ये सस्पेन्शन हा शौक नाही. ते काढलं तर घट्ट टायर सोसवत नाही, आणि टायर मऊ केला तर सायकल ओढल्यासारखी चालते. घट्ट टायर आणि सस्पेन्शन हे दोन्ही उपाय एकमेकांना धरून उभे आहेत.

हे हिशेबात बसतं आणि रस्त्यावरही बसतं, याचा पुरावा सायकल आली त्याच डिसेंबरात मिळाला. सायकलपटू जॉन वुडबर्न यांनी मोल्टनवरून कार्डिफ ते लंडन हे सुमारे २६० किलोमीटरचं अंतर पावणेसात तासांच्या आत कापून विक्रम मोडला. आजच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींच्या नियमांत मात्र टायरसह चाकाचा व्यास किमान ५५ सेंटिमीटर लागतो. मोल्टन भरते बेचाळीस.

रॅले या बड्या ब्रिटिश सायकल कंपनीने आधी मोल्टन बनवायला नकार दिला होता. सायकल खपू लागल्यावर १९६५ मध्ये त्यांनी स्वतःची सोळा इंची आणली, आरएसडब्ल्यू १६. दिसायला बहीणच, पण सस्पेन्शनचा खर्च वाचवायला तिला फुगीर, कमी हवेचे टायर दिले. धक्के कमी झाले खरे, पण वर सांगितलेलं रबराचं वाकणं सगळंच्या सगळं परत आलं. छोटी चाकं म्हणजे जड सायकल, हा समज पसरवायला असल्या सायकलींनी हातभार लावला असं माझं मत. १९६७ मध्ये रॅलेने मोल्टनचा सायकल धंदाच विकत घेतला आणि १९७४ मध्ये उत्पादन थांबवलं. मधल्या काळात त्यांनी स्वतःची वीस इंची ‘ट्वेंटी’ काढली. ती सस्पेन्शनशिवायही बरी चालते, आणि ब्रिटनमध्ये आजही स्वस्तात मिळते.

स्वस्त सायकल महाग कशी पडते याचं ट्वेंटी हे उत्तम उदाहरण आहे. तिच्या बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पायडलचा एक्सल बसतो ती, नळी ७६ मिलिमीटर रुंद आणि आटे इंचाला २६. इंग्लिश पद्धतीचं प्रचलित माप ६८ मिलिमीटर आणि २४ आटे. म्हणजे दुकानातलं बेअरिंगचं बंद कार्ट्रिज तिच्यात बसत नाही. जुने कप चांगले असतील तर फक्त गोळ्या आणि ग्रीस बदलून ते वापरणं सगळ्यात शहाणपणाचं. क्रँक, म्हणजे पायडलचे हात, पाचरीसारख्या कॉटर पिनने बसवलेले असतात, आपल्या काळ्या सायकलीसारखेच. पिन काढताना नट पिनच्या टोकाशी सपाट होईपर्यंतच सैल करा, क्रँकखाली जमिनीपर्यंत पोहोचणारा लोखंडी पाइप टेकवा आणि एकच जोरदार घाव घाला. दहा हलके घाव घातले तर पिन वाकते, आणि मग ड्रिलचा खर्च.

क्रोमच्या स्टील रिम पावसात ब्रेक धरत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमच्या घालायच्या तर ४५१ च्या जागी ४५१ शोधा. सहज मिळते म्हणून ४०६ ची घातली तर रिमची कड साडेबावीस मिलिमीटर खाली जाते, ब्रेकचे रबर तिथवर पोहोचत नाहीत आणि लांब हातांचे ब्रेक घ्यावे लागतात.

मागच्या चाकाच्या मध्यातला स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब मात्र घाबरण्यासारखा नाही. त्याचे गिअर ७५, १०० आणि १३३ टक्के. अनेक हबच्या अंगावर वर्ष आणि महिना कोरलेला असतो. विकणाऱ्याने सांगितलेलं सायकलचं वय तिथे ताडून पाहता येतं. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून उजव्या नटच्या खिडकीतून पाहा: गिअरच्या बारीक साखळीच्या दांडीचा शेवट एक्सलच्या टोकाशी सपाट दिसला पाहिजे. केबल चुकीची ताणलेली असेल तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये पायडल एकदम मोकळं फिरतं. उभं राहून जोर लावत असताना असं झालं तर माणूस हँडलवर आदळतो. तेलाचे चार थेंब आणि केबलची जुळणी, बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागतं.

जुनी मोल्टन पाहताना क्रम वेगळा ठेवा. आधी मागचा काटा: सुरुवातीच्या सायकलींत तो तडकायचा, म्हणून रंगाखालची बारीक रेघही सोडू नका. मग मागचं चाक धरून आडवं हलवा. खुळखुळलं तर सांध्यातले बुश गेले. सीटवर बसल्यावर मागची बाजू बसकण मारत असेल तर रबराचा ठोकळा थकलाय. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं, त्यामुळे ‘फार कमी चालवलेली’ या शब्दांचे जास्त पैसे देऊ नका. सुटे भाग शोधायला मोल्टन बायसिकल क्लबची मदत होते.

नवीच हवी असेल तर ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनच्या बारीक नळ्यांच्या जाळीच्या मोल्टनला हजारो पौंड पडतात, आणि त्यातली डबल पायलॉन दहा हजारांच्या वर जाते. साठ वर्षांपूर्वीच्या मोल्टनला टायर मात्र आजही सहज मिळतात, कारण ब्रॉम्प्टनच्या नेहमीच्या सोळा इंची सायकलीचं मापही ३४९ च आहे.