महालातला वाडा आणि बर्डीचा किल्ला

बर्डीचा किल्ला भोसल्यांनी बांधला, असं नागपुरात सर्रास ऐकू येतं. पण 26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांच्या फौजेने तोफा डागल्या, तेव्हा सीताबर्डीच्या दोन्ही टेकड्या उघड्याच होत्या. तिथे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, जेंकिन्सची जेमतेम दीड हजार माणसं होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झुंज चालली. ईस्ट इंडिया कंपनीचे 367 ठार-जखमी झाले, पण टेकड्या हातच्या गेल्या नाहीत. आज दिसणारी तटबंदी त्यानंतरची, इंग्रजांनी घातलेली.

शहराला मात्र आगीची ओळख त्याआधीच झाली होती, आणि तीही आपल्याच माणसांकडून. आधीचे राजे जानोजी भोसल्यांनी कधी पेशव्यांना, कधी निजामाला दगा दिला. शेवटी दोघे एक झाले आणि 1765 मध्ये त्यांनी नागपूर लुटून जाळलं. 1769 मध्ये पेशव्यांची फौज पुन्हा आली, पुन्हा लूट झाली, आणि मग कनकापूरचा तह. 1811 मध्ये पेंढाऱ्यांनी वेशीबाहेरच्या वस्त्या पेटवल्या. दर वेळी शहर सावरलं, कारण राजा इथेच राहत होता. दरबार महाल या जुन्या वस्तीत होता, त्यामुळे कारागीर, सावकार, बाजार सगळं त्याच्याभोवती पुन्हा गोळा व्हायचं.

1817 च्या डिसेंबरात चित्र वेगळं होतं. 16 तारखेला अप्पासाहेब स्वतः इंग्रजांच्या छावणीत गेले. त्याच दिवशी जनरल डव्हटनने त्यांची फौज मोडली. तरी त्यांच्या पदरचे अरब शिपाई शहरात शिरले आणि भोसल्यांच्या वाड्याच्या आसऱ्याने अडून बसले. तोफांनी जुम्मा दरवाज्याला, म्हणजे आजच्या गांधी गेटला, खिंडार पाडलं. 24 डिसेंबरला तिथून हल्ला झाला. आतल्या घरांमधून असा मारा झाला की इंग्रजांना मागे फिरावं लागलं. अखेर बोलणी झाली आणि 30 तारखेला अरब आपली बायकामुलं, सामानसुमान घेऊन बाहेर पडले. राजा शत्रूच्या छावणीत आणि पगारी शिपाई त्याचा वाडा लढवताहेत, हा प्रसंग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. का, ते कळतं.

वाडा त्या वेढ्यातून वाचला. काळ्या दगडाचा, आत लाकडावर भरगच्च कोरीवकाम. 11 डिसेंबर 1853 ला तिसरे रघूजी वारले, दत्तक वारस मानायला गव्हर्नर जनरल डलहौसी तयार नव्हता, आणि 1854 मध्ये राज्य खालसा झालं. जडजवाहीर लिलावात गेलं. 1861 मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाली. 1863 मध्ये अजब बंगला, म्हणजे संग्रहालय, सुरू झालं. त्याच्या पुढच्याच वर्षी वाडा आगीत गेला. मोठा दरवाजा तेवढा राहिला.

ना लढाई, ना लूट; भर शांततेत. आणि या वेळी तो पुन्हा उभारला गेला नाही. पैसा नव्हता असं म्हणता येत नाही, त्याच सरकारच्या इमारती तिकडे सिव्हिल लाइन्समध्ये उठत होत्या. पण त्यात राहणारा राजा उरला नव्हता, आणि प्रांताचा कारभार पाहणाऱ्या चीफ कमिशनरला महालातल्या दरबाराची गरज नव्हती. माझ्या मते नागपूरच्या जुन्या वास्तूंचं खरं नुकसान तोफेपेक्षा या निर्णयाने जास्त झालं. गरज होती तिथे इंग्रजांनी वेळ दवडला नाही: बर्डीचा किल्ला लढाईनंतर दोन-तीन वर्षांतच तयार होता.

पुढची सगळी भव्य बांधकामं पश्चिमेकडेच गेली. त्यातलं सर्वांत देखणं उच्च न्यायालय, नव्या दिल्लीत काम केलेल्या मेड या वास्तुविशारदाचं. पायाभरणी 9 जानेवारी 1937, उद्घाटन 6 जानेवारी 1940. तेव्हा दुसरं महायुद्ध पेटून चार महिने झाले होते.