लाल देवळाला नकाशात काय म्हणायचं?

पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ लांबून चर्चच वाटतं: लाल विटा, उंच मनोरा, त्यावर घड्याळ. नावात देऊळ. आहे मात्र ज्यूंचं प्रार्थनास्थळ, ओहेल डेव्हिड सिनेगॉग. डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं, १८६७ मध्ये पुरं झालेलं. रूपावरून वर्गवारी करणारा इथे हमखास फसतो.

हा घोळ जुना आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर, म्हणजे सरकारी भूनकाशावर, देऊळ, मशीद, चर्च यांना चित्रखुणा असत, तर पोस्ट, पोलीस ठाणं, डाकबंगला यांना नुसती इंग्रजी अक्षरं. कळस, मनोरा दुरून दिसतो, वाट काढायला उपयोगी पडतो. पोस्ट कुठल्याही घरात भरतं. जनगणनेने तिसरीच वाट धरली. तिथे इमारत वेगळी आणि ‘जनगणना घर’ वेगळं. रस्ता, सामायिक अंगण किंवा जिन्याकडे उघडणारं स्वतंत्र मुख्य दार असलं की ते वेगळं घर, आणि वापर नोंदवायचा तो या घराचा. भाडेकरूंनी भरलेल्या पेठेतल्या वाड्याला हे चपखल बसतं.

ओपनस्ट्रीटमॅप या २००४ मध्ये सुरू झालेल्या, लोकांनी मिळून भरायच्या खुल्या नकाशावर पुढे वास्तू कसली आणि वापर कसला हे दोन प्रश्न वेगळ्या टॅगमध्ये, म्हणजे ‘नाव=मूल्य’ अशा नोंदींमध्ये, गेले. ‘बिल्डिंग’ म्हणजे वास्तू कुठल्या प्रकारची म्हणून बांधली. आत आज काय चालतं ते ‘अमेनिटी’, ‘शॉप’, ‘ऑफिस’ वगैरेंत. उपग्रहचित्रावरून छप्पर गिरवणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, म्हणून तो ‘बिल्डिंग=यस’ टाकून मोकळा होतो. त्यात चूक नाही. चूक होते ती पाटी वाचून बिल्डिंगचा प्रकार ठरवताना.

विश्रामबागवाडाच घ्या. दुसऱ्या बाजीरावाने राहायला बांधला. पेशवाई गेली आणि १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. पुढे नगरपालिकेचा कारभारही तिथूनच चालला. दर वेळी ‘बिल्डिंग’चा टॅग बदलत बसलं असतं तर? सज्जाखालचे कोरीव सुरूदार खांब तर होते तिथेच होते. (‘बिल्डिंग’च्या नेहमीच्या मूल्यांच्या यादीत ‘वाडा’ नाही, हे दुखणं वेगळं.)

भिडेवाड्यात १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, तरी माझ्या मते त्याला ‘बिल्डिंग=स्कूल’ कधीच शोभलं नसतं; शाळा वाड्यात भरली, वाडा शाळेसाठी उभा राहिला नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी तो पाडला. जे जागेवर नाही ते नकाशात ठेवायचं नाही, त्यामुळे तिथला हा वादही मिटला.