ताल बदलतो तिथे ठोका लिहा: स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची स्वरलिपी) करून घेणाऱ्यांसाठी

तुमचं हस्तलिखित हातात आलं की आम्ही सगळ्यात आधी ताल कुठे बदलतो ते पाहतो. मुखडा ४/४ मध्ये (बारमध्ये चार ठोके), अंतरा ६/८ मध्ये (बारमध्ये तीन-तीनचे दोन ठोके), आणि मधल्या बारलाइनवर (बार, म्हणजे ठोक्यांचे गट, वेगळे करणाऱ्या उभ्या रेघेवर) काहीच लिहिलेलं नाही, असं फार वेळा होतं. मग आम्ही फोन करतो. "स्वर तर सगळे लिहिलेत, आता काय विचारायचंय?" असं अनेकजण म्हणतात, म्हणून हे पत्रक.

विचारायचं एवढंच असतं: क्वेव्हर (४/४ च्या ठोक्याच्या निम्म्या लांबीचा स्वर) तेवढाच ठेवायचा, की ठोका?

समजा मुखड्यात क्रॉचेट (४/४ मधला एका ठोक्याचा स्वर) मिनिटाला १२० आहेत, म्हणजे क्वेव्हर २४०. क्वेव्हर तेवढाच ठेवला, तर ६/८ मध्ये तीन क्वेव्हरचा एक ठोका, मिनिटाला ८०. चाल ऐसपैस होते. ठोका १२० वर ठेवला, तर क्वेव्हर ३६० होतात आणि गाणं धावत सुटतं. १६ बारांचा अंतरा एका वाचनात २४ सेकंदांचा, दुसऱ्यात १६. कागदावर मात्र दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात.

भातखंडे लिपीची (हिंदुस्थानी संगीताच्या स्वरलिपीची) सवय असलेल्यांची इथे हमखास गफलत होते. तिथे अर्धचंद्राखाली एका मात्रेतले स्वर येतात, त्यामुळे ठोका डोळ्यांना दिसतो. स्टाफमध्ये 'क्रॉचेट म्हणजे एक ठोका' हे ४/४ ला खरं, ६/८ ला नाही. तिथे ठोका डॉटेड क्रॉचेटचा, म्हणजे तीन क्वेव्हरचा.

खूण नसेल तर आजचे बहुतेक वादक क्वेव्हर तोच धरतात, हे आम्हालाही माहीत आहे. तरी विचारल्याशिवाय आम्ही पार्ट (प्रत्येक वादकाचा वेगळा कागद) काढत नाही. व्हायोलिनवाल्यांनी एक अर्थ घेतला आणि ट्रम्पेटवाल्याने दुसरा, की स्टुडिओचे तास तुमचे जातात. शिवाय प्रत्येक पार्टवर दुरुस्ती आणि क्लिकही (ध्वनिमुद्रणात कानात वाजणारा ठोका) नव्याने.

तेव्हा बदलाच्या बारलाइनवर डावीकडे जुना स्वराकार (क्रॉचेट, क्वेव्हर अशी खूण), मग बरोबरचं चिन्ह, उजवीकडे नवा, एवढं लिहा. काही जुन्या छपाईत हा क्रम उलटा असतो, म्हणून शेजारी नव्या ठोक्याचा मेट्रोनोमचा आकडाही (मिनिटाला किती ठोके) द्या. नुसतं 'लिस्तेसो टेम्पो' लिहून भागत नाही. त्याचा अर्थ 'ठोका तोच' असा असला, तरी आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात 'क्वेव्हर तोच' असतं.

ठरत नसेल तर तसंच घेऊन या. ती जागा दोन्ही लयींत वाजवून ऐकवू, तुम्ही निवडा. हे नोटेशनच्या दरातच धरलेलं आहे.