ओन्ली (इंग्रजी क्रियाविशेषण)

ओन्ली हे इंग्रजीतील नित्य वापरातले क्रियाविशेषण असून वाक्यातील एखाद्या घटकाला मर्यादा घालणे हे त्याचे कार्य आहे. मराठीत हे काम 'फक्त', 'केवळ', 'नुसता' हे शब्द आणि त्यांच्याहूनही अधिक प्रमाणात 'च' हे शुद्ध शब्दयोगी अव्यय करते. शब्द छोटा व परिचित असला, तरी मराठी भाषकांच्या इंग्रजीत त्याचा वापर वारंवार घसरतो. शालेय व्याकरणात या घसरणीचे खापर सहसा शब्दाच्या जागेवर फोडले जाते; वस्तुतः अडचण जागेपेक्षा अर्थाची अधिक आहे.

जुन्या इंग्रजीत 'आन' म्हणजे 'एक' आणि 'लिक' म्हणजे 'सारखा'. या दोहोंपासून बनलेले विशेषण आजच्या ओन्लीचे मूळ होय. 'एक' या अर्थाच्या शब्दाचा उच्चार पुढे 'वन' असा बदलला, पण ओन्ली आणि अलोन या त्याच्या भावंडांनी जुना स्वर टिकवून धरला. मूळचे विशेषणपणही अद्याप शिल्लक आहे. 'शी इज ॲन ओन्ली चाइल्ड' म्हणजे ती एकुलती एक आहे, तर 'शी इज ओन्ली अ चाइल्ड' म्हणजे ती अजून लहानच आहे. उपपद (ॲन किंवा अ) ओन्लीच्या आधी की नंतर, एवढ्यावरच हा फरक उभा आहे.

क्रियाविशेषण म्हणून वापरताना ओन्ली ज्या शब्दाला मर्यादित करायचे त्याच्या लगत ठेवावे, असा पाठ्यपुस्तकी नियम आहे. एखाद्या ग्रंथालयाच्या नियमावलीतील वाक्य घेतल्यास त्याचे कारण लक्षात येते. 'ओन्ली मेंबर्स मे यूज द हॉल ऑन संडेज' याचा अर्थ रविवारी सभागृह सभासदांनाच वापरता येईल, इतरांना नाही. 'मेंबर्स मे यूज ओन्ली द हॉल ऑन संडेज' असे लिहिल्यास रविवारी सभासदांना सभागृहच मिळेल, वाचनकक्ष नाही. 'मेंबर्स मे यूज द हॉल ओन्ली ऑन संडेज' म्हटले की सभासदांना सभागृह रविवारीच मिळेल, सोमवारी नाही. मराठी वाक्यात शब्दांचा क्रम जराही न हलवता 'च' सभासदांना, सभागृहाला किंवा रविवारला चिकटवला की काम भागते; इंग्रजीजवळ असा प्रत्ययवजा शब्द नसल्याने तिला जागेचा आधार घ्यावा लागतो.

तथापि हा नियम वाटतो तितका कडक नाही. पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी व्याकरणात 'आय ओन्ली स्पेक थ्री वर्ड्स' ('स्पेक' हे 'स्पीक'चे जुने भूतकाळी रूप) ही रचना सदोष ठरवून 'आय स्पेक ओन्ली थ्री वर्ड्स' ही शुद्ध मानली. मात्र बोलणाऱ्या इंग्रजाने हे कधीच फारसे मनावर घेतले नाही. क्रियापदाच्या आधी ओन्ली ठेवणे हीच इंग्रजी बोलण्याची स्वाभाविक चाल आहे, आणि अर्थ आवाजाच्या आघातावरून कळतो. 'थ्री'वर जोर दिला की तीनच शब्द. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध भाषाकोशात 'ही ओन्ली डाइड अ वीक अगो' अशा वाक्यांची बाजू घेतली आणि जेथे गैरसमजाला वावच नाही तेथे शब्द हलवण्याचा अट्टाहास करणाऱ्यांची चांगलीच खिल्ली उडवली. लिखाणात आघात ऐकू येत नाही. म्हणून करारनामा, नियमावली, परिपत्रक यांत लाउथ यांचा सल्ला मानावा आणि संभाषणात फाउलर यांचा, हा व्यवहार सोयीचा आहे.

ओन्लीच्या अर्थात दोन विधाने दडलेली असतात. 'ओन्ली सुमन पास्ड' या वाक्यात सुमन उत्तीर्ण झाली हे गृहीत असते आणि दुसरे कोणी उत्तीर्ण झाले नाही हे सांगितलेले असते. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लॉरेन्स हॉर्न यांनी १९६९ मध्ये या भेदाची मांडणी केली. 'नॉट ओन्ली सुमन' म्हटल्यावर नकार फक्त दुसऱ्या विधानाला लागतो, सुमनचे उत्तीर्ण होणे अबाधित राहते. 'नॉट ओन्ली… बट ऑल्सो' ही जोडरचना याच आधारावर चालते.

मराठीतील 'च' मात्र दुहेरी कामाचा आहे. 'रामच आला' यात तो इतरांना वगळतो; 'मी येतोच', 'तो तसाच आहे' यांत तो कोणालाही वगळत नाही, नुसता ठासून सांगतो. ओन्लीकडे यांतील पहिलेच काम आहे. दुसरे कामही त्याच्या गळ्यात घातले की 'ही इज लाइक दॅट ओन्ली', 'आय ॲम हिअर ओन्ली' ही ओळखीची भारतीय वाक्ये तयार होतात. हिंदीतील 'ही'सारखी अव्यये अन्य भारतीय भाषांतही असल्यामुळे ही लकब एकट्या मराठीची नाही, आणि भारतीय इंग्रजीचे वैशिष्ट्य म्हणून भाषाशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यासही केला आहे. घरगुती बोलण्यात तिला चूक म्हणणे अन्यायाचे होईल. परदेशी वाचकाला धाडलेल्या पत्रात मात्र 'आय सेंट इट यस्टर्डे ओन्ली' यातला ठामपणा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. 'फक्त रामच आला' अशी दुहेरी मर्यादा मराठीत खपते, तिचे 'ओन्ली राम ओन्ली केम' हे रूपांतर इंग्रजीत कुठेच खपत नाही.

ओन्ली दुसऱ्या शब्दाच्या नंतर येणे हाच दोष, असा समज मात्र चुकीचा आहे. लोकलच्या डब्यावरील 'लेडीज ओन्ली' ही पाटी प्रमाण इंग्रजीतही निर्दोष आहे, कारण तेथे वगळण्याचा अर्थ खरोखरच आहे.

वाक्याच्या आरंभी ओन्लीयुक्त काळ किंवा अट आली की पुढे सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते: 'ओन्ली देन डिड ही स्पीक'. अटीच्या बाबतीत दोन्ही भाषांचा कल लक्षणीय आहे. 'ओन्ली इफ इट रेन्स' यात मर्यादा 'जर'ला लागते, तर 'पाऊस पडला तरच पेरणी होईल' यात ती 'तर'ला लागते. शब्द उलटून 'इफ ओन्ली इट हॅड रेन्ड' केले, की अट नाहीशी होऊन हळहळ उरते: पाऊस पडला असता तर!

रकमेपुढे लागणारे ओन्ली थोडे निराळे आहे. धनादेशावर 'रुपीज फाइव्ह हंड्रेड ओन्ली' किंवा मराठीत 'अक्षरी रुपये पाचशे फक्त' असे लिहिताना रक्कम थोडी आहे असे सुचवायचे नसते; त्या आकड्यापुढे कोणाला आणखी काही भरता येऊ नये, एवढ्यासाठी ओळ तिथे बंद केलेली असते.